विमानाच्या जुन्या पत्र्यावर दर पावसाळ्यात पांढरी पूड परत येते? आधी त्यातलं मीठ काढा

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचे सुटे भाग जमवणाऱ्यांची एक तक्रार दरवर्षी कानावर येते, आणि ती बहुतेक जुलै-ऑगस्टमध्येच येते. "भाग स्वच्छ घासला होता, वर लॅकर मारलं होतं, कपाटात ठेवला होता. आता बघतो तर पुन्हा पांढरी पूड." पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: आता कोणतं लॅकर मारू?

लॅकर बदलून हे थांबत नाही. मी स्वतः दोन पावसाळे त्यात घालवले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझ्याकडचा तो भाग म्हणजे हातभर लांबीचा पत्रा. पुण्याच्या जुन्या बाजारात एका बुधवारी मिळाला. वरची बाजू मळकट राखाडी, त्यावर पत्र्यात बसवलेल्या सपाट डोक्याच्या रिव्हेटांच्या दोन रांगा. मागच्या बाजूला पिवळट हिरवा प्रायमर आणि लांबीभर रिव्हेटने जोडलेली एक पट्टी. प्रायमर उडालेल्या जागी शाईची तिरपी इंग्रजी अक्षरं दिसत होती: 'अल्क्लॅड २४ एस-टी', आणि पुढे जाडी, ०.०३२ इंच. विकणारे दादा म्हणाले, "किलोवर देतो, वजन करून घ्या." त्या अक्षरांमुळे मी घासाघीस न करता घेतला. लिबरेटर आणि डकोटा, दोन्ही विमानांच्या अंगावर याच जातीचा पत्रा असायचा.

घरी आणून जे करायचं नव्हतं ते सगळं केलं. आधी काचपेपर, मग तारेची घासणी, मग पॉलिश. पत्रा आरशासारखा चमकला. त्यावर पारदर्शक लॅकरचे दोन हात दिले. गौरी-गणपतीसाठी साफसफाई करताना कपाट उघडलं तर लॅकरच्या खाली मोहरीएवढे पांढरे फोड आले होते, सगळे रिव्हेटांच्या रांगेला धरून. लॅकर काढलं, धुण्याच्या सोड्याने नळाखाली धुतलं, या वेळी लॅकर आणखी जाड मारलं. पुढच्या आषाढात पट्टी आणि पत्रा यांच्या फटीतून खडूने ओढावी तशी सलग पांढरी रेघ बाहेर आली.

पूड परत का येते

आजीच्या ॲल्युमिनियमच्या पातेल्याला चाळीस वर्षांत काही होत नाही, मग विमानाच्या पत्र्यालाच का होतं? कारण तो पातेल्याचा धातू नाही. जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना १९०६ च्या सुमारास असं दिसलं की ॲल्युमिनियममध्ये थोडं तांबं आणि मॅग्नेशियम मिसळून, तापवून, एकदम थंड केलं आणि काही दिवस नुसतं ठेवून दिलं, तर ते आपोआप कडक होत जातं. हाच ड्युरॅल्युमिन. महायुद्धातली बहुतेक धातूची विमानं याच कुळातल्या मिश्रधातूंची आहेत. अमेरिकी पत्र्यावरचं '२४ एस' म्हणजे आजचा २०२४ हा मिश्रधातू, त्यात तांबं सव्वाचार टक्क्यांच्या आसपास असतं.

या तांब्यामुळे ताकद येते आणि कमजोरीही येते. धातूच्या आत तांब्याने भरलेले सूक्ष्म कण विखुरलेले असतात. ओलावा आणि मीठ मिळालं की तो प्रत्येक कण आणि शेजारचं ॲल्युमिनियम मिळून एक छोटी बॅटरी होते, आणि त्यात खर्ची पडतं ते ॲल्युमिनियम. हे कारखानदारांना चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच १९२० च्या दशकाच्या शेवटी अल्क्लॅड आला: मधे ड्युरॅल्युमिन आणि दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर. तो थर स्वतः झिजतो आणि आतल्या धातूला वाचवतो.

आता हिशेब करा. ०.०३२ इंच म्हणजे साधारण ०.८ मिलिमीटर. एवढ्या पातळ पत्र्यात शुद्ध थर एका बाजूला जाडीच्या सुमारे ५ टक्के असतो, म्हणजे ०.०४ मिलिमीटर. डोक्याच्या केसापेक्षाही कमी. काचपेपरने जोर लावून घासलं की तो गेलाच, आणि एकदा गेलेला थर घरी परत चढवता येत नाही. माझ्या पत्र्याचा तीन ठिकाणी गेला आहे. तिथला रंग आजही किंचित वेगळा, काळसर दिसतो.

पण पूड परत येण्याचं मूळ कारण मीठ. अचूक बोलायचं तर मिठातलं क्लोराइड. ते समुद्राच्या हवेतून येतं, हाताच्या घामातून येतं, भंगाराच्या ढिगात वर्षानुवर्षं पडलेल्या मातीतून येतं. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचं नैसर्गिक कवच असतं, क्लोराइड ते जागोजागी फोडतं आणि तिथे सुईच्या टोकाएवढा खळगा पडतो. खळग्याच्या तोंडावर पांढरी पूड, म्हणजे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, बुचासारखी बसते. आत कोंडलेलं पाणी आम्लधर्मी होत जातं आणि धातू खात राहतं. या सगळ्यात क्लोराइड खर्च होत नाही. काम करून ते मोकळं होतं आणि पुन्हा कामाला लागतं. एप्रिल-मे मध्ये खळगा कोरडा असतो म्हणून तो गप्प बसतो, आपल्याला वाटतं काम फत्ते. पहिला पाऊस पडला की आतलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि चक्र पुन्हा सुरू होतं.

वरून लॅकर मारलं म्हणजे ते मीठ आत बंद केलं, एवढंच. लॅकरमधून पाण्याची वाफ सावकाश आत जात असते, त्याचे फोड येतात.

मीठ किती निर्णायक आहे हे दोन पाण्यांत बुडालेल्या विमानांवरून कळतं. महायुद्धात अमेरिकी नौदल मिशिगन सरोवरात बाजूच्या मोठ्या चाकांवर चालणाऱ्या दोन जुन्या आगबोटींची विमानवाहू जहाजं करून वैमानिकांना उतरण्याचं शिक्षण देत असे. शंभरावर विमानं त्या सरोवराच्या तळाशी गेली. पाणी गोडं आणि थंड. मिडवेच्या लढाईत भाग घेतलेलं एक डॉन्टलेस बाँबफेकी विमान पन्नास वर्षांनी तिथून वर काढलं, आणि पुढे ते अमेरिकेतल्या पेन्साकोलाच्या नौदल विमान संग्रहालयात ठेवलं गेलं. दुसरीकडे इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ, गुडविन सँड्सच्या वाळूत पडलेलं जर्मन 'डॉर्नियर-१७' विमान २०१३ च्या जूनमध्ये समुद्रातून काढलं. ते सरळ कॉसफर्डला, ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयात नेऊन, प्लॅस्टिकच्या लांब बोगद्यांसारख्या मंडपांत ठेवून, त्यावर सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाचे फवारे महिनोन्महिने मारावे लागले. इंपीरियल कॉलेजच्या शास्त्रज्ञांनी ती पद्धत बसवली होती. सगळी खटपट एकाच गोष्टीसाठी: खळग्यांच्या तोंडावरची पूड विरघळवून आतलं क्लोराइड बाहेर आणणं.

आपल्या गच्चीवर आपल्यालाही तेच करायचं आहे, छोट्या मापावर.

हात लावण्याआधी धातू ओळखा

ही पायरी गाळू नका. चुकीच्या धातूला खालचा उपाय केला तर भागच हातचा जाईल.

लोहचुंबक चिकटला तर पोलाद, त्याचा विचार वेगळा. चिकटला नाही आणि भाग ओतीव असून हातात घेतल्यावर आश्चर्य वाटावं इतका हलका लागला, तर मॅग्नेशियमचा संशय घ्या. चाकांचे ओतीव भाग, गिअरबॉक्सची खोकी, काही उपकरणांची घरं यात तो खूप वापरला जायचा. लपलेल्या जागी नखाएवढा भाग स्वच्छ करून तिथे साध्या व्हिनेगरचा एक थेंब टाका. लगेच बुडबुडे फसफसून आले तर मॅग्नेशियम. ॲल्युमिनियमवर तसं काही होत नाही. थेंब लगेच पुसून जागा धुऊन कोरडी करा.

मॅग्नेशियम असेल तर पाण्यात भिजवणं आणि सायट्रिक ॲसिड, दोन्ही वर्ज्य. मऊ ब्रशने पूड झाडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ऊब देऊन पूर्ण वाळवा, मेण लावा आणि कोरड्या हवेत ठेवा. त्यातले पोलादी स्टड निघत असतील तर काढून वेगळे ठेवा. ग्राइंडर किंवा काचपेपर अजिबात नको. मॅग्नेशियमचा बारीक कीस पेट घेतो, आणि ती आग पाण्याने विझत नाही, उलट भडकते. कोरडी वाळू लागते.

पुडीचा रंगही नीट बघा. पोलादी बोल्टाच्या डोक्याभोवती पांढरट पिवळी पूड असेल तर ती बहुधा बोल्टावरच्या कॅडमियमच्या मुलाम्याची असते. कॅडमियम विषारी आहे. ती फुंकरीने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपून ते फडकं पिशवीत बांधून टाका. आणि तो देखणा पिवळा-हिरवा प्रायमर झिंक क्रोमेटचा आहे, त्यातलं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरणाऱ्या प्रकारचं. त्याला काचपेपर लावायचाच नाही. हातमोजे आणि मास्क घालून, ओलं करून, मऊ फडक्याने पुसायचं. तो काढायचीही गरज नाही. ऐंशी वर्षांपूर्वी कुणा कामगाराने मारलेला मूळ रंग आहे तो, आणि आजही जिथे टिकलाय तिथला धातू शाबूत आहे.

पत्र्याच्या कडेला चकलीच्या पिठाला भेगा पडाव्यात तसे थर सुटलेले दिसले, पापुद्रे उचललेले दिसले, तर गंज धातूच्या दाण्यांच्या सीमांमधून आडवा पसरला आहे. असा भाग दाबू नका, वाकवू नका. तो जपता येतो, पण मूळ ताकद परत येत नाही. पापुद्रे सुटलेला असो वा वरून चांगला दिसणारा, आपल्या कपाटातला कोणताही भाग उडणाऱ्या विमानासाठी कुणाला देऊ नका, कितीही ओळखीचा माणूस असला तरी.

धुणं: इथेच खरं काम आहे

नळाचं पाणी चालत नाही. त्यात निर्जंतुकीकरणाचं क्लोरीन असतं, बोअरचं असेल तर क्षारही. घरच्या आरओचं पाणी शेवटच्या फेऱ्यांना पुरेसं शुद्ध नसतं. गॅरेजमध्ये किंवा पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, आणा. पाच लिटरचे कॅन स्वस्त पडतात. सोबत पेनासारखा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, घ्या. या सगळ्या उपद्व्यापात त्याच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही.

टब प्लॅस्टिकचाच हवा. तांब्या-पितळेची कोणतीही वस्तू त्या पाण्यात नको. पाण्यात विरघळलेलं तांबं ॲल्युमिनियमवर जाऊन बसतं आणि नवे खळगे सुरू करतं. त्याच कारणाने चिंच आणि मीठ लावून पितळ उजळवायची आपली घरगुती सवय इथे घातक आहे. चिंच एक वेळ चालेल, पण मीठ म्हणजे ज्याला हाकलायचं त्यालाच पाहुणा म्हणून बोलावणं. धुण्याचा सोडा, कॉस्टिक, फरशी पुसायचं आम्ल, सगळं बाद. अल्कली ॲल्युमिनियम सरळ विरघळवते. तारेच्या घासणीचे लोखंडी कण पत्र्यात रुतून बसतात आणि प्रत्येक कणाभोवती पुढच्या पावसात एक डाग उठतो. माझ्या पत्र्यावर तसे अकरा डाग होते, भिंग घेऊन मोजले. आणि वाळूचा फवारा मारून देणाऱ्याकडे तर जाऊच नका. तो पूड काढत नाही, खळग्यात ठोकून बसवतो.

पहिला दिवस नुसता धुण्याचा. धूळ, तेल, जुनं मेण काढा. लॅकर असेल तर ॲसिटोनने काढा, खिडक्या उघड्या ठेवून, आसपास पणती-उदबत्ती काही नको. शाईची अक्षरं असतील तर आधी एका कोपऱ्यावर कापसाच्या बोळ्याने तपासा. माझी अक्षरं ॲसिटोनने फिकट होऊ लागली तेव्हा मी लगेच थांबलो आणि तेवढ्या भागावरचं लॅकर तसंच ठेवलं.

मग सायट्रिकचं द्रावण. वाण्याकडे मिळणारं लिंबूसत्व चालतं. एक लिटर बॅटरीच्या पाण्याला दोन चहाचे चमचे, आणि खाण्याचा सोडा चिमटीचिमटीने घालत पीएच पट्टीवर साडेपाचच्या आसपास आणा. सोडा घातला की फेस येतो, तो बसू द्या, मग मोजा. नुसतं लिंबूसत्व फार आंबट पडतं आणि चांगला धातूही खातं. हे द्रावण पूड दिसते त्या जागांवर आणि फटींवर मऊ नायलॉनच्या ब्रशने लावा, वीसेक मिनिटं ओलं ठेवा, धुवा. पूड भिजून दह्याच्या पाण्यासारखी सुटते. खळग्याचं तोंड उघडलं की ते भिंगातून स्पष्ट दिसतं, काळा ठिपका. ब्रशच्या केसांनी तो ठिपका टोकरायचा. दाढीचा जुना ब्रश आणि बांबूची काडी, एवढ्याच हत्यारांवर माझं काम झालं.

या टप्प्यावर धातूवर कधीकधी काजळीसारखा काळा पातळ थर येतो. घाबरू नका. ॲल्युमिनियम थोडं विरघळलं आणि मिश्रधातूतलं तांबं मागे उरलं, तो हा थर. पण तसाच ठेवू नका, तीच पुढची बॅटरी आहे. ओल्या सुती फडक्याने, सतत फडकं बदलत, फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुसा.

आता भिजवणं. भाग बुडेल इतकं बॅटरीचं पाणी घ्या, टीडीएस मोजून वहीत लिहा, भाग ठेवा, चोवीस तासांनी पुन्हा मोजा. माझ्या पत्र्याने पहिल्या रात्री पाण्याचं रीडिंग २ वरून ६१ वर नेलं. म्हणजे दोन वेळा 'स्वच्छ' झालेल्या पत्र्यात एवढं लपलेलं होतं. पाणी टाकायचं, नवं घ्यायचं, पुन्हा मोजायचं. दुसऱ्या दिवशी ३८. तिसऱ्या दिवशी ३५. मग बरेच दिवस आकडा हलेना, कारण त्या पट्टीच्या फटीतलं मीठ फार हळू बाहेर येतं.

रिव्हेट काढून पट्टी सुटी करायचा मोह इथे होतो. मला लोहगावच्या एका निवृत्त हवाईदल तंत्रज्ञ काकांनी अडवलं. आयुष्यभर विमानांचे पत्रे ठोकलेला माणूस. म्हणाले, "रिव्हेट काढलास की तो भाग तुझा झाला, मग तो विमानाचा राहिला नाही. फटीला वेळ दे." त्यांनी सुचवलेली युक्ती साधी होती. पत्रा उभा ठेवायचा, फट वर येईल असा, आणि इंजेक्शनच्या सिरिंजने फटीत वरून कोमट बॅटरीचं पाणी सोडत राहायचं. खालून जे ठिबकतं तेच मोजायचं. रोज सकाळी आंघोळीआधी वीस सिरिंजा. तेविसाव्या दिवशी खालच्या थेंबांचं रीडिंग ४ वर आलं आणि पुढचे तीन दिवस तिथेच राहिलं.

टीडीएस मीटर सगळेच क्षार मोजतो, नुसतं क्लोराइड नाही. सायट्रिक आणि सोड्याचा अंशही सुरुवातीला त्यात येतो. म्हणून शेवटी एकदा खात्री करून घ्या. ओळखीत कुणी रसायनशास्त्राचे प्राध्यापक किंवा प्रयोगशाळा सहायक असतील तर शेवटच्या पाण्याची छोटी बाटली त्यांच्याकडे न्या. नायट्रिक ॲसिडचा थेंब टाकून मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले आणि पाणी काचेसारखं राहिलं तर क्लोराइड जवळपास गेलं. दुधाळ झालं तर परत टबाकडे.

वाळवणं आणि लेप

शेवटचं पाणी निथळलं की आयसोप्रोपिल अल्कोहोल फटीतून सोडा, ते उरलेलं पाणी घेऊन बाहेर येतं. मग ऊब. एप्रिलमधली पुण्याची दुपार असेल तर काळ्या कापडावर उन्हात ठेवला तरी पुरे. एरवी थर्माकोलच्या खोक्यात ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब, भागाला आणि खोक्याला न टेकेल असा, आणि तोही तुम्ही समोर असतानाच. साठ अंशांच्या वर जाऊ नका. ब्लोलॅम्प, हॉट एअर गन किंवा भट्टीत तापवलं तर या मिश्रधातूची आतली रचनाच बदलते, आणि दाण्यांच्या सीमांवरचा गंज आणखी सोपा होतो.

लेप कोणता हा प्रश्न आता विचारा. मी मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावतो. भाग कोमट असतानाच, पातळ, दोन हात, फटीच्या तोंडाशी थोडं जास्त. पापुद्रे सुटत असतील तर पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक ॲसिटोनमध्ये पातळ करून ब्रशने आत सोडता येतं. संग्रहालयांमध्ये ते वर्षानुवर्षं वापरात आहे. या दोन्हींचा मोठा गुण म्हणजे ते पुन्हा काढता येतात. उद्या पूड दिसली तर तुम्हाला तिथपर्यंत पोचता आलं पाहिजे. गाडीच्या रंगकामातलं, दोन भाग मिसळून लावायचं कडक टू-के लॅकर त्यामुळेच मला पटत नाही.

भाग फळीवर बसवताना पोलादी स्क्रू थेट ॲल्युमिनियमला लागू देऊ नका, मधे नायलॉनचे वायसर घाला.

ठेवायचं कुठे

मुंबईत, रत्नागिरीला, अलिबागला, वास्कोला राहणाऱ्यांसाठी हा भाग धुण्याइतकाच महत्त्वाचा आहे. दाभोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात मी गेलो की आधी विमानांच्या रिव्हेटांच्या रांगा बघतो. महायुद्धात उतरलेल्या फायरफ्लायसारखं यंत्र समुद्राच्या इतकं जवळ टिकवून धरणं किती मेहनतीचं आहे, हे पत्रा धुतल्यावरच कळतं. आपल्याकडे निदान तो भाग खोक्यात बंद करण्याची सोय आहे.

घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत पांढरा पॉलिथिनचा फोम, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. आकडा ४० टक्क्यांच्या खाली ठेवायचा. जेलचा रंग बदलला की मंद ओव्हनमध्ये वाळवून परत घालायचं, पावसाळ्यात हे वारंवार करावं लागतं. प्लायवूड आणि एमडीएफच्या बंद कपाटात आम्लाची वाफ साचते, ती धातूला वाईट. वर्तमानपत्र ओल धरून ठेवतं. गादीचा स्पंज काही वर्षांत चिकट भुगा होतो. लोकरी कापडही नको.

डब्यात एखादं घड्याळासारखं उपकरण, वेगमापक किंवा उंचीमापक ठेवत असाल तर थोडं थांबा. त्या काळच्या पुष्कळ तबकड्यांवरचा चमकता रंग रेडियमचा आहे. आता तो अंधारात चमकत नाही, कारण त्यातलं झिंक सल्फाइड थकलं. रेडियम मात्र तसाच आहे, त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षं. अशा उपकरणाची काच काढून आत साफ करायला जाऊ नका, आणि काच फुटलेलं असेल तर विकत घेऊ नका. सुटलेल्या रंगाची धूळ श्वासातून आत जाणं हा त्यातला सर्वांत मोठा धोका. आपल्याकडे हा विषय अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अखत्यारीत येतो, शंका असेल तर त्यांनाच विचारा.

अजून एक, मनातलं

एवढा त्रास एका पत्र्यासाठी का, असं मला घरातही विचारतात. मला लिबरेटर आठवतात. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला ती विमानं मोडतोड करून टाकून दिली होती, पुन्हा कुणी उडवू नयेत म्हणून. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या ढिगातून एकेक विमान उडण्यापुरतं जुळवलं, आणि जमशेद मुन्शी हे त्यांचे चाचणी वैमानिक ती बंगळूरला उडवत घेऊन गेले. चाळीसच्या वर विमानं अशी वाचली. आपल्या हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली, आणि आज जगातल्या संग्रहालयांत जी मोजकी लिबरेटर उरली आहेत, त्यांतली अनेक इथूनच गेलेली आहेत. एक ब्रिटिश हवाई दलाच्या त्याच संग्रहालयाकडे आहे, ज्याच्या कॉसफर्डच्या आवारात ते डॉर्नियर धुतलं. एक दिल्लीला पालमच्या संग्रहालयात. पालमच्या विमानासमोर मी बराच वेळ उभा होतो. माझ्या हातातला पत्रा कोणत्याही विमानाचा असो, त्याच्यावरचे रिव्हेट त्याच काळातल्या हातांनी बसवले आहेत, आणि त्याचं पातेलं व्हायचं राहिलं ते केवळ त्या बुधवारी मी तिथे होतो म्हणून.

आता वेळापत्रक. मेच्या शेवटच्या आठवड्यात भाग डब्याबाहेर काढा. खोलीतला दिवा बंद करून टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा, म्हणजे सपाट दिसणारा पृष्ठभाग उंचसखल दिसू लागतो आणि मेणाखालचा टाचणीच्या डोक्याएवढा फुगवटाही सावली टाकतो. रिव्हेटांच्या कडा आणि फटीची खालची बाजू आधी तपासा, पूड नेहमी तिथूनच सुरू होते. एखादा ठिपका सापडला तर सगळा पत्रा पुन्हा धुऊ नका. तेवढ्या जागेचं मेण काढा, लिंबूसत्वाचं द्रावण, बांबूची काडी, काळा थर पुसणं, मग बॅटरीच्या पाण्यात भिजवलेला कापूस त्या ठिपक्यावर ठेवून रोज बदलायचा, आठवडाभर. माझ्या पत्र्यावर गेल्या चार वर्षांत असे दोन ठिपके आले, दोन्ही काचपेपरने शुद्ध थर उडवलेल्या जागी.